तिला पडू दिलं नाही

रोशनी आडे. आर्णी रोडवरच्या तांड्यातली, वय तेव्हा एकवीस. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, भर दुपारी, दारव्ह्याच्या एका ग्राउंडवर तिच्यावर अन्याय झाला. नाव आणि वेळ आधीच सांगून टाकते, कारण अन्याय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मेली का? नाही मेली. जिवंत आहे. म्हणूनच तिला कोणी मोजत नाही.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. पोलीस भरती निघणार म्हणून हवा झाली आहे आणि पहाटे अंधारातच आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावलं वाजू लागली आहेत. धप धप धप. पोरं-पोरी टोळीनं पळतात, कोणाच्या हातात मोबाईलचा उजेड, कोणाच्या गळ्यात दुपट्टा. मी अंथरुणात पडून ऐकते. दोन वर्षं सोबत धावल्यावर माणसाचं पाऊल आवाजावरून ओळखू येतं. रोशनीचं डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं जड पडायचं, बैलगाडीच्या चाकाचा खिळा निघाल्यावर वाजतं तसं. टोळी दारावरून जाते तेव्हा मी त्या गर्दीत ते एक पाऊल शोधत राहते. कधी कधी ते सापडतं. मग उठून बसते, चूळ भरते, आणि स्वतःला सांगते की ती तांड्यावर आहे, खाटेवर आहे, आणि तिला आता भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही.

आम्ही हिवाळ्यात सुरुवात केली होती. डिसेंबरची पहाट, शेतात तुरीवर दव, आणि बोटं अशी पांढरी पडलेली की बुटाची नाडी बांधता यायची नाही. थंडीत शरीर रक्त आत ओढून घेतं, पोटाशी, छातीशी, जशी आपण थंडीत गोधडी ओढून घेतो. कातडीला, बोटांना म्हणतं, थांबा जरा. मग पळायला लागलं की पहिला फेरा अंग दगडासारखं. दुसऱ्या फेऱ्यात मांड्यांना खाज सुटायची, इतकी की रोशनी पळता पळता सलवारीवरून खाजवायची आणि म्हणायची, "प्रज्ञे, अंगात मुंग्या घातल्या का वं कोनी?" त्या मुंग्या म्हणजे रक्तच होतं. बंद पडलेल्या बारीक बारीक वाटा उघडून ते मांड्यांत शिरत होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला अंग सुटणं म्हणायचो, आणि एकदा अंग सुटलं की रोशनी माझ्यापुढे जायची ती शेवटपर्यंत पुढेच. मी तिची पाठ बघत दोन वर्षं धावले.

चांगल्या बुटांची मात्र दोघींत एकच जोडी. पळायचे खरे बूट यवतमाळहून आणलेले, निम्मे तिचे, निम्मे माझे. माप माझ्या पायाचं, कारण माझा पाय मोठा. ती पुढच्या टोकात रुई कोंबायची, घरच्याच कापसाची, आणि पळून झालं की तो बोळा काढून ओढणीच्या टोकाला बांधून ठेवायची. पहाटेचा सराव आम्ही साध्या कॅनव्हासच्या बुटांत सोबतच करायचो, हे बूट फक्त चाचणीला. म्हणून चाचणीत आम्हाला एकाच बॅचमध्ये कधी धावता यायचं नाही. आधी ती, मग मी. तिचे बूट माझ्या पायात यायचे तेव्हा आतून गरम असायचे. थंडीत ते किती बरं वाटायचं. उन्हाळ्यात मी नाक मुरडायची, आणि ती म्हणायची की तुझ्या जाऊबाईच्या चपला घालाव्या लागल्या म्हणजे कळेल.

उन्हाळा आमच्याकडे माणसाला आतूनच पातळ करतो. मार्चमध्ये पळस जळतात तोवर ठीक. मग पऱ्हाटीचे, कापसाच्या काड्यांचे, ढीग वाळून खडखडतात, जिनिंगचं फाटक बंद होतं आणि रस्त्याकडेच्या काटेरी बाभळीला अडकलेली रुई मळून काळी होते. दुपारी डांबर चपलेला चिकटतं. घराघरांत कुलरचा पंप घरघरतो आणि ओल्या लाकडी भुशाचा वास सगळ्या गल्लीला येतो. माझ्या आईचे पाय मे महिन्यात सुजतात, जोडवी बोटात रुतून बसतात. आजोबांच्या हातावरच्या शिरा हिवाळ्यात दिसत नसत, उन्हाळ्यात दोरखंडासारख्या वर यायच्या. मी लहानपणी त्या दाबून बघायची. दाबलं की खचायच्या, सोडलं की पुन्हा फुगायच्या.

कारण साधं आहे, पण कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. उन्हात शरीराला उष्णता बाहेर फेकायची असते. ती फेकायला रक्त कातडीजवळ न्यावं लागतं, म्हणून कातडीतल्या वाटा रुंद होतात. तोंड लाल होतं, शिरा फुगतात, घाम सुटतो. आता त्याच उन्हात तुम्ही पळा. मांड्या-पोटऱ्या म्हणतात, आम्हाला द्या. कातडी म्हणते, आम्हाला द्या. आणि माणसाच्या अंगात रक्त पाच लिटरच्या आसपासच असतं, पोरीच्या अंगात त्याहून कमी. आमच्या गावात नळ येतो तसंच हे. एका वॉर्डाचा व्हॉल्व्ह उघडला की दुसऱ्या वॉर्डात हंडे वाजतात. पोटाचा वॉर्ड तर पहिलाच बंद होतो, म्हणून जेवून पळालं की मळमळतं. हृदय बिचारं दुप्पट-तिप्पट वेगानं पंप मारतं. घाम गेला तितकं टाकीतलं पाणीही कमी होतं. आणि या सगळ्यात डोक्याचा वॉर्ड सगळ्यात उंचावर असतो. तिथं पाणी चढवायला दाब लागतो.

पळताना हा दाब टिकतो, कारण पाय स्वतःच पंप असतात. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि खालचं रक्त वर ढकलते. जोवर पाऊल पडतंय तोवर ठीक आहे. धोका थांबण्यात आहे. पळून आल्यावर एकदम ताठ थांबण्यात.

आणि आमच्या अकॅडमीत नेमकं तेच शिकवायचे.

अकॅडमी मोठा शब्द झाला. भाड्यानं घेतलेलं एक माळरान, चुन्यानं आखलेला गोल, एक कडुनिंब, आणि सर. सरांचं नाव मी लिहीत नाही, कारण असा माणूस प्रत्येक तालुक्यात एक तरी आहे. स्वतः ऐन तरुणपणी उंचीत अर्ध्या इंचानं नापास झालेला. वाईट माणूस नव्हता. पोरींना घरी सोडायला कोणी नसलं तर स्वतः गाडीवर सोडून यायचा. पण त्याचा एक नियम होता. फेरी संपली की रेषेपलीकडे रांगेत यायचं आणि सावधानमध्ये उभं राहायचं. टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिवणीला, नजर समोर. शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही. गुडघ्यावर हात टेकवला तर एक फेरी जास्त. बसलं तर दुसऱ्या दिवशी यायचंच नाही. भरतीच्या ग्राउंडवर साहेब लोक बघत असतात, जो दमलेला दिसतो त्याच्याबद्दल त्यांचं मत खराब होतं, अशी त्याची ठाम समजूत. कुठून आली ठाऊक नाही. कोणीतरी कोणालातरी सांगितलेली. सगळ्या जिल्ह्यात, दारव्ह्यापासून पुसदपर्यंत, मी हीच रांग पाहिली आहे. आणि खोटं कशाला बोलू, लोकांना ती आवडायची. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघायचे. मुली कशा पोलिसांसारख्या उभ्या आहेत म्हणून बाप फोटो काढायचे.

त्या शनिवारी सकाळी चाचणी होती. पण आदल्या दिवशी ग्राउंडवर लग्नाचा मांडव पडला होता आणि सकाळी अकरापर्यंत तो निघेना. मांडववाले बांबू सोडत होते, आचारी कढया घासत होते. सर वैतागले. मग म्हणाले, दुपारी घेऊ. खरं ग्राउंड काय तुमची सावली पाहून लागते का, उन्हात पक्क्या व्हा. दोन वर्षं आम्ही पहाटेच पळत होतो. उन्हात पळायची सवय शरीराला लागते, पण ती रोज थोडी थोडी, आठ-दहा दिवसांत लागते. एका दुपारी नाही लागत.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही बातमीत येणार नव्हती. त्या ग्राउंडवर पोरींसाठी संडास नव्हता. मुलं बाभळीमागे जायची. आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. रोशनी तांड्यावरून जीपनं आली होती, चहा आणि मूठभर पोहे खाऊन, आणि दुपारपर्यंत मांडवाच्या कडेला वाट बघत बसली होती. मी बाटली पुढे केली तर म्हणाली, "नको बाप्पा. मंग जाऊ कुठी?"

ती ऊन लागू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट घालून, डोक्याला ओढणी गुंडाळून पळाली. मी अनवाणी कडुनिंबाखाली बसले होते, बुटांची वाट बघत. मुलींना भरतीत आठशे मीटर असतं, सर दुप्पट पळवायचे. रोशनी नेहमीसारखी पुढे. शेवटच्या वळणावर तिचं तोंड मला दिसलं. लाल नव्हतं. आधी लाल होतं, आता राखेसारखं झालं होतं, आणि घाम नव्हता. तरी पहिली आली. रेषा ओलांडली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. टाचा जुळवल्या. मुठी शिवणीला.

बाकीच्या पोरी एकेक करून येत होत्या आणि सर शेवटच्या पोरीची वाट बघत शिट्टी तोंडात धरून उभे होते.

रोशनी हलू लागली. पुढे-मागे, विहिरीच्या रहाटावर रिकामी बादली हलते तशी. मी झाडाखालून उठले. ती खाली चालली होती. गुडघे सुटत होते, आणि सुटायलाच हवे होते. सर ओरडले, "धरा तिले, पडू देऊ नका!" शेजारच्या दोघींनी तिला बगलेत धरलं. चांगल्या मनानं धरलं. तिची मान छातीवर पडली होती, पाय जमिनीवर फरफटत होते आणि त्या दोघी तिला उभी ठेवत होत्या. सर तिच्या गालावर थापट्या मारत होते. "उभी राय. हिंमत कर. उभी राय." मी धावत पोचेपर्यंत तिचे डोळे वर गेले, आणि मग अंग झटके देऊ लागलं.

मांडववाल्यांतला कोणीतरी म्हणाला, मिरगी आहे, जोडा हुंगवा. एकानं तिच्या पायातला बूट ओढून काढला आणि तिच्या नाकाशी धरला. माझा बूट. आमचा. रुईचा बोळा त्यातून घरंगळून मातीत पडला आणि मी तो उचलला. काय उचलायचं हेच मला कळत नव्हतं. तरीही तिला कोणी आडवी केली नाही. खुर्ची आणली, खुर्चीवर बसवली, मागून मान धरली. आणि ग्राउंडच्या कोपऱ्यात लग्नाचा पाण्याचा टँकर उभा होता. अर्धा भरलेला. त्याच्या नळातून थेंब गळत होता, आणि त्या थेंबाखाली एक कुत्रं पोट चिखलाला लावून पडलं होतं. त्या कुत्र्याला कळत होतं. आम्हाला नाही. तिच्या तोंडावर चार शिंतोडे मारले, आणि जीपमध्ये कोंबून, दोघींच्या मध्ये ताठ बसवून दवाखान्यात नेलं. तिचा हात माझ्या हातात होता. भाकरीच्या तव्याजवळ हात नेल्यासारखा.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तिला बर्फात ठेवलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीनं मला व्हरांड्यात विचारलं, पडली तेव्हा काय केलं तुम्ही? मी सांगितलं. तिनं हातमोजे काढले. मग म्हणाली, "चक्कर येऊन पडणं हा आजार नाही गं. तो इलाज आहे."

हे वाक्य मी दोन वर्षं उरावर घेऊन फिरते आहे. डोक्याला रक्त चढेनासं झालं की शरीर स्वतःला खाली पाडतं. आडवं झालं की हृदय आणि डोकं एका पातळीवर येतं, पायात साचलेलं रक्त परत फिरतं आणि दिवा पुन्हा लागतो. कोणी शिकवलेलं नसताना शरीराला हे येतं. रोशनीच्या शरीरानं ते करून पाहिलं. आम्ही करू दिलं नाही. आधी डोक्याचं रक्त अडवलं आणि नंतर आतली आग विझवायला उशीर केला, समोर टँकर असून.

ती वाचली. महिन्याभरानं घरी आली. शब्द लांबतात आता तिचे, ओले कपडे ओढल्यासारखे. पेला उचलला की हात थरथरतो, पाणी सांडतं. तोल जातो. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग उष्णतेला फार नाजूक असतो, असं डॉक्टरणीनं सांगितलं होतं. सर दवाखान्यात आले होते. नारळपाणी घेऊन, ओल्या शर्टानं, दाराशीच उभे. "मी तं तिच्या चांगल्यासाठीच केलं," एवढंच म्हणाले. ते खरंही असेल. पण दिवाळीपर्यंत गावभर झालं होतं की आडेंच्या पोरीला आधीपासूनच मिरगी होती, घरच्यांनी लपवलं. ही गोष्ट कोणी पसरवली मला ठाऊक नाही. कोणाच्या सोयीची होती ते ठाऊक आहे. तिला आलेली दोन स्थळं तिथंच थांबली. तिची आई, जिला ती याडी म्हणते, एकदा मला चुलीसमोर बसून अगदी शांतपणे म्हणाली, "मेली असती तं पेपरात तरी आलं असतं. लोकं येऊन गेले असते."

मी भरती सोडली. पत्रकं लिहिते आता, चौकात वाटते. ग्राउंडवर संडास द्या, पाणी द्या, दुपारची धाव बंद करा. लोक घेतात, घडी घालतात, त्यावर भजी ठेवून खातात. दुपारची धाव बंद झाली, हे मान्य करते. सरांनी स्वतःहून केली. रांग मात्र तशीच आहे. कारण रांगेत कोणाला चूक दिसतच नाही. मिरगी होती ना.

आणि मागच्या आठवड्यात पायल दारात आली. रोशनीची धाकटी बहीण, बारावी झालेली, तशीच सडपातळ, तसंच डावं पाऊल. आत येईना. उंबऱ्याशी अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "ताई, ते बूट आहेत ना तुमच्यापाशी?"

मला वाटलं, नाही म्हणावं. कुत्र्यानं नेले, उंदरांनी कुरतडले, काहीही. ते बूट मी पेटीत ठेवले होते, रुईच्या बोळ्यासकट. तो बोळा अजून तिच्या बोटांच्या आकाराचा आहे, पाच खळगे दिसतात. मी विचारलं, तुझ्या बहिणीला माहीत आहे का? म्हणाली, तिनंच पाठवलं.

मी बूट घेऊन तिच्यासोबत तांड्यावर गेले. रोशनी अंगणात निंबाखाली खाटेवर होती. बूट पाहिले तशी हसली, आणि हसताना अजून ती जुनीच दिसते, ते बघवत नाही. पायलला खाली बसवलं. स्वतः वाकून, एका हातानं खाटेचा दांडा धरून, तिच्या बुटात रुई कोंबली. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला. याडी पुढे झाली तर रोशनीनं मान हलवून नको म्हटलं. आम्ही तिघी बघत राहिलो. बोटं नाडीपाशी पोचायची आणि बाजूला जायची. शेवटी गाठ बसली. मग पायलच्या गुडघ्यावर हात ठेवून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली,

"पळून आली की... थांबू नको. कोनी काही म्हणो. चालत राय."

माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् पडली तं पडू देजो वं तिले."

काल पहाटे मी ग्राउंडवर गेले. तोच कडुनिंब, तोच चुना. अजून उजाडायचं होतं पण हवा आताच कोमट होती. पायल तिसरी आली. तिच्या आधीच्या दोघी रांगेत उभ्या राहिल्या, टाचा जुळवून. पायल रेषा ओलांडून चालतच राहिली. हात मोकळे सोडून, हळूहळू, कडेकडेनं. सर म्हणाले, "आडे, लाईनमध्ये." ती चालत राहिली. पुन्हा म्हणाले. तिचं तोंड रडवेलं झालं होतं, पण पाय थांबले नाहीत. धप, धप, डावं थोडं जड. मी डोळे मिटले असते तर दोन वर्षं मागे गेले असते. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी तोंडात धरूनच नजर वळवली. रांगेतल्या पोरी समोर बघत उभ्या होत्या. त्यांतली एक, शेवटून दुसरी, पुढे-मागे हलत होती. पडली नाही. शिट्टी वाजली तेव्हा तिनं गुडघे धरले.

उद्या पायलला काढून टाकतील की नाही ठाऊक नाही. एकटी पोर चालली तर तो उद्धटपणा होतो. दहा पोरींचे आईबाप उभे राहिले तर तो नियम होतो.

म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्या गावातही असं ग्राउंड आहे, आणि त्या रांगेत तुमची मुलगी, भाची, शेजारीण उभी आहे. फोटो काढायला थांबता ना, तसंच उद्या पहाटे थांबा. आत जा. सरांना तोंडावर विचारा, पाणी कुठे आहे, संडास कुठे आहे, सावली कुठे आहे. पळून आलेल्या पोरींना उभं केलं असेल तर रांग मोडा आणि त्यांना चालायला लावा. आणि एखादी खाली जायला लागली तर तिला धरून उभी करू नका. अलगद खाली घ्या, सावलीत आडवी करा, पाय उचलून धरा. अंग तापलेलं असेल तर जे पाणी हाताशी असेल ते सगळं तिच्यावर ओता, आणि ओतत ओतत दवाखान्यात न्या.

तिला पडू द्या.